रस्ता कोणाच्या नावावर?

तीस फुटांचे मीटर किती होतात हे आमच्या सोसायटीत सातवीतल्या पोरापासून ऐंशीच्या आजींपर्यंत सगळ्यांना तोंडपाठ झालं आहे. नऊ मीटर पंधरा सेंटिमीटर. मुलुंडमधल्या आमच्या लेआउटचा, म्हणजे एका जमिनीचे भूखंड पाडून आखलेल्या वसाहतीचा, पन्नासेक वर्षांपूर्वीचा पिवळा पडलेला नकाशा आहे. त्यात पाच इमारतींच्या मधून तीस फुटी रस्ता जातो आणि कोपऱ्यात एक मैदान दाखवलं आहे. पुनर्विकासाचं निघालं, सर्व्हेअर टेप घेऊन आला आणि एका ठिकाणी रस्ता भरला आठ मीटर सत्तर. शेजारच्या इमारतीची कुंपणभिंत कधीतरी, कोणाच्याही लक्षात न येता, हातभर पुढे आली होती.

हातभर म्हणजे किती मोठी गोष्ट, ते बाहेरच्या माणसाला कळायचं नाही. मुंबईच्या विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली २०३४ नुसार उपनगरात नऊ मीटरपेक्षा अरुंद रस्त्यावरच्या भूखंडाला मूळ एक एफएसआयवरच, म्हणजे भूखंडाच्या क्षेत्राएवढ्याच बांधकामावर, थांबावं लागतं. इतर सवलती सोडल्या तर प्रीमियम (पैसे भरून मिळणारा जादा एफएसआय) नाही आणि टीडीआरही (दुसऱ्या जमिनीचा विकत घेतलेला बांधकामाचा हक्क) नाही. रस्ता नऊ मीटरचा झाला की प्रीमियम आणि टीडीआर धरून दोनपर्यंत जाता येतं, सत्तावीस मीटरच्या पुढे अडीचपर्यंत. म्हणजे त्या हातभर भिंतीपायी आमच्या इमारतीची निम्मी शक्यता गेली. भिंत हलवून घ्यावी म्हणून आम्ही विचारत निघालो, तर एका कार्यालयात साहेब म्हणाले, “रस्ता खाजगी आहे, आमच्याकडे हँडओव्हर नाही.” दुसरीकडे सांगितलं, मालकाला विचारा. मालक कधीच वारले. प्रॉपर्टी कार्डावर आजही त्यांचंच नाव आहे, पाच इमारतींचा एकच सिटी सर्व्हे नंबर आहे, आणि त्यांचे वारस तीन देशांत विखुरले आहेत. आमच्या चेअरमनकाकांनी शेवटी वैतागून विचारलं, “अहो, मग गेली चाळीस वर्षं मी चालतोय तो रस्ता आहे तरी कोणाचा?”

माझ्या मते मुंबईच्या जमीन-पोटविभाजनाच्या नियमांत दुसरं काहीही बदलण्याआधी याच प्रश्नाचं उत्तर द्यायला हवं. चर्चा मात्र भलत्याच गोष्टींची चालते: एफएसआय किती वाढवायचा, प्रीमियम किती घटवायचा, क्लस्टरला, म्हणजे अनेक इमारतींच्या एकत्र पुनर्विकासाला, किमान क्षेत्र किती ठेवायचं. २०१५ मध्ये विकास आराखड्याचा पहिला मसुदा आला, त्यावर गदारोळ झाला, मुख्यमंत्र्यांनी तो मागे घ्यायला लावला आणि सुधारित आराखडा २०१८ मध्ये मंजूर झाला. तेव्हाही भांडण मुख्यतः एफएसआयच्या आकड्यांवर आणि आरक्षणांवर होतं. एका जमिनीचे दहा तुकडे होतात तेव्हा त्या तुकड्यांमध्ये जे उरतं, म्हणजे रस्ता, गटार, मैदान, ते कोणाच्या नावावर चढतं? हा रटाळ प्रश्न कोणी लावून धरला नाही. महसूल खात्यातला विषय वाटतो तो. पण शहर उभं असतं ते या उरलेल्या जागेवरच.

पूर्वी हे मुंबईला कळत होतं. १८९६ ला प्लेग आला आणि १८९८ मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. ट्रस्टने दाट वस्त्या पाडल्या, गोरगरिबांना हुसकावलं, त्याबद्दल त्याला शिव्या द्यायच्या तेवढ्या द्याव्यात. पण दादर-माटुंग्याला जमीन घेऊन त्यांनी जे केलं त्याचा क्रम पाहा. आधी रस्ते आखले, गटारं घातली, बागांच्या जागा सोडल्या आणि मग भूखंड पाडून भाडेपट्ट्याने दिले. रस्ता आणि बाग कधी कोणा प्लॉटधारकाच्या झाल्याच नाहीत. १९३३ मध्ये ट्रस्ट महापालिकेत विलीन झाला तेव्हा ते सगळं आपोआप महापालिकेकडे आलं. हिंदू कॉलनीच्या गल्लीची रुंदी किती, यावरून कोणाच्या वारसाला शोधत फिरावं लागत नाही. फाइव्ह गार्डन्सवर इमारत उभी राहिली नाही, त्यामागे माटुंगेकरांचं निसर्गप्रेम थोडंफार असेलही. खरं कारण असं की ती जागा विकायला मोकळी असलेला मालकच मागे उरला नव्हता.

उपनगरात हेच काम दुसऱ्या दाराने झालं. १९१५ च्या नगररचना कायद्याखाली वांद्रे, सांताक्रूझ, विलेपार्ले इथे टाउन प्लॅनिंग स्कीम आल्या. सगळ्यांच्या वेड्यावाकड्या जमिनी एकत्र घ्यायच्या, प्रत्येकाकडून थोडी थोडी जमीन रस्त्यांना काढायची आणि उरलेल्याचे चौकोनी ‘फायनल प्लॉट’ परत द्यायचे. पार्ल्याच्या जुन्या माणसाला आजही स्वतःचा एफपी नंबर ठाऊक असतो. या पद्धतीतली कळीची गोष्ट आजच्या महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम ८८ मध्ये आहे. अंतिम योजना लागू झाली की नियोजन प्राधिकरणाला लागणारी जमीन त्याच दिवशी, कोणताही बोजा न राहता, प्राधिकरणाची होते. त्यासाठी वेगळं खरेदीखत करावं लागत नाही, कोणाची सही घ्यावी लागत नाही, हँडओव्हरची वाट बघावी लागत नाही.

आणि मग आला लेआउटचा जमाना. १९५० आणि १९५७ ला उपनगरं दोन टप्प्यांत मुंबईत आली, दहिसर-मुलुंडपर्यंत हद्द गेली. १९५१ च्या कायद्याने साष्टीतली खोती संपली होती, पण मोठमोठ्या जमिनी खाजगी हातांत होत्याच. शेताचा सर्व्हे नंबर, त्याचे हिस्से आणि त्यावर बिल्डरचा लेआउट. सरकारी भाषेत त्याला अभिन्यास म्हणतात. हा शब्द मी आजवर एकाही बिल्डरच्या तोंडून ऐकलेला नाही. अभिन्यास मंजूर होताना अटी घातल्या जातात: रस्ता बांधा, दिवे लावा, गटार जोडा, आरजीची, म्हणजे खेळण्या-करमणुकीची, जागा मोकळी ठेवा, भूखंडांची वेगळी प्रॉपर्टी कार्डं करून घ्या. ही सगळी पुढे करायची कामं आहेत, म्हणजे वचनं. टाउन प्लॅनिंग स्कीममध्ये रस्ता कायद्याने सार्वजनिक झाला, लेआउटमध्ये तो बिल्डरच्या शब्दावर राहिला. मुंबईच्या उपनगरांत आज जो घोळ दिसतो त्यातला बराचसा या एका फरकातून आला आहे.

शब्द पाळला गेला नाही तर काय? अटी परवानगीच्या टप्प्यांना बांधलेल्या असतात. हे सीसीच्या (बांधकाम सुरू करण्याच्या दाखल्याच्या) आधी, ते ओसीच्या (भोगवटा प्रमाणपत्राच्या) आधी. (परवानगीच्या पहिल्या कागदाचं मुंबईतलं नावच आयओडी, म्हणजे ‘नामंजुरीची सूचना’. नकार देता देता होकार भरण्याची ही कला आपल्याकडेच.) आता ज्या बिल्डरला ओसीच घ्यायची नाही, त्याच्यावर ओसीच्या आधीच्या अटीचा काय धाक? फ्लॅट विकले गेले, लोक राहायला आले, पाण्याला जास्त दर भरत बसले. बिल्डर पुढच्या लेआउटकडे गेला. मागे राहिला एक सिटी सर्व्हे नंबर, त्यावर पाच सोसायट्या, नकाशातला रस्ता आणि नकाशातलं मैदान.

खरं तर १८८८ च्या मुंबई महानगरपालिका अधिनियमात खाजगी रस्त्याचा विचार केलेला आहे. आयुक्त मालकांना रस्ता समतल करायला, त्यावर खडी घालायला, निचरा आणि दिवे करायला सांगू शकतात, आणि तसं झालं की तो सार्वजनिक रस्ता म्हणून जाहीर करता येतो. पण त्या कायद्याच्या डोळ्यांसमोरचा मालक म्हणजे चार बंगले बांधणारा, नोटीस दिली की घरी सापडणारा शेटजी होता. अडीचशे फ्लॅटधारक आणि तीन देशांतले वारस त्याला कुठून सुचणार?

मधल्या काळात कायदे झाले, पण ते इमारतीच्या बाजूने विचार करतात, रस्त्याच्या नाही. १९६३ च्या मोफा, म्हणजे फ्लॅट मालकीच्या, कायद्याने बिल्डरवर सोसायटीला कन्व्हेयन्स, म्हणजे मालकीचं हस्तांतरण, देण्याचं बंधन घातलं. ते पाळलं जाईना म्हणून २००८ च्या दुरुस्तीने मानीव अभिहस्तांतरण, म्हणजे डीम्ड कन्व्हेयन्स आणलं. जिल्हा उपनिबंधकांकडे अर्ज करा, बिल्डरच्या सहीवाचून जमीन मिळवा. एका इमारतीच्या सोसायटीला त्याचा फायदा झाला. लेआउटमधल्या सोसायटीला मात्र विचारतात: तुमच्या वाट्याची जमीन कोणती? इमारतीखालची? भोवतालच्या मोकळ्या पट्ट्यासह? रस्त्यातला हिस्सा धरून की सोडून? पोटविभाजनच झालेलं नाही, तर वाटा कोणता म्हणून दाखवायचा? मग आर्किटेक्टचा दाखला, प्रमाणशीर हिश्शाचं गणित, आणि शेजारच्या सोसायटीची हरकत. २०१७ च्या रेरा नियमांनी नव्या लेआउटसाठी इमारत संस्थेकडे आणि खालची जमीन सोसायट्यांच्या महासंघाकडे, शेवटच्या इमारतीला ओसी मिळाल्यावर तीन महिन्यांत, अशी सोय केली. वाचायला छान आहे. पण शेवटची इमारत हाती ठेवून बसणं हा मुंबईतल्या बिल्डरचा जुना छंद. लेआउट अपूर्ण राहिला की नवा एफएसआय त्याच्याच खिशात पडतो. जी तारीख ज्याच्या हातात, त्याच तारखेला त्याचं कर्तव्य बांधायचं, हे कोणाला सुचलं असेल?

म्हणून माझी मागणी साधी आहे. लेआउट मंजूर होईल त्याच दिवशी त्यातला रस्ता आणि मैदान वेगळ्या सिटी सर्व्हे नंबरांनी, वेगळ्या प्रॉपर्टी कार्डांवर, महापालिकेच्या नावावर चढावं. बांधकाम पूर्ण झाल्यावर नाही आणि ओसीनंतरही नाही. कार्ड झाल्याशिवाय एकाही इमारतीला सीसी मिळू नये. रस्ता डांबरी व्हायला दहा वर्षं लागली तरी चालतील, नाव आज लागायला हवं. आणि जुन्या लेआउटांसाठी: त्यातल्या कोणत्याही एका सोसायटीने अर्ज केला की मूळ मंजूर नकाशा प्रमाण धरून, मालकाच्या सहीवाचून, भूमी अभिलेखने मोजणी करून पोटविभाजन पूर्ण करावं. आज नकाशा महापालिकेच्या फायलीत आणि मालकी भूमी अभिलेखच्या दप्तरात, आणि दोघांची गाठ पडते ती फक्त अर्जदाराच्या पिशवीत. सोसायटीचा सेक्रेटरी दोन खात्यांमधला पोस्टमन झाला आहे.

यावर पहिली अडचण कायद्याची, आणि ती खरी आहे. नव्वदच्या दशकात दिल्ली महापालिकेच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की लेआउट मंजूर करताना मोकळी जागा फुकट आमच्या नावावर करा, अशी अट महापालिकेला नुसत्या ठरावाने घालता येत नाही, त्याला कायद्याचं पाठबळ लागतं. मालक ती जागा विश्वस्त म्हणून ठेवतो, दुसऱ्या कामाला वापरू शकत नाही, पण मालकी जात नाही. म्हणजे परिपत्रक काढून, किंवा नियमावलीत एखादी ओळ घुसवून हे होणार नाही. विधिमंडळाने १९६६ च्या कायद्यातच कलम ८८ सारखी तरतूद अभिन्यासासाठी करायला हवी. मालकावर अन्याय होतो का? मला वाटत नाही. रस्त्याविना त्याच्या आतल्या भूखंडांना किंमतच नव्हती. फ्लॅट विकताना रस्त्याचं मोल त्याने वसूल केलेलं आहे. एकदा विकलेली गोष्ट नावावर ठेवण्यात त्याचा उरलेला लाभ एकच, पुढच्या वाढीव एफएसआयच्या वेळी सहीसाठी अडून बसण्याचा.

दुसरी हरकत माझ्याच सोसायटीतल्या एका ताईंनी घेतली, आणि तिला माझ्याकडे पुरतं उत्तर नाही. त्या म्हणाल्या, “महापालिकेच्या नावावर मैदान झालं की तिथे उद्या पार्किंग येईल, परवा कोणाचा तरी मंडप. आत्ता निदान आपली पोरं खेळतात.” महापालिका ज्या जागा घेते त्या राखतेच असं नाही, हे मुंबईकराला सांगायला नको. सार्वजनिक मालकीत बेफिकिरी येते. पण खाजगी मालकीत काय होतं तेही आपण पाहिलं आहे. आरजी पोडियमवर चढवली गेली. खाली तीन मजले गाड्या आणि वर कुंडीतली हिरवळ, त्यालाच मैदान म्हणायचं! २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला सांगावं लागलं की नियमातली किमान करमणुकीची जागा जमिनीवरच हवी, पोडियमवरची धरता येणार नाही. मैदान महापालिकेच्या कार्डावर असतं तर त्याच्याखाली तळघर खणायची कल्पना तरी कोणाला सुचली असती का? देखभाल सोसायट्यांकडे द्या, कराराने द्या, कुलूपही हवं तर रात्री लावू द्या. मालकी मात्र सार्वजनिक असावी. मंडपाचं भांडण नगरसेवकाशी तरी करता येतं. हयात नसलेल्या मालकाशी भांडायचं कुठे?

तिसरा युक्तिवाद बिल्डरांचा, आणि बऱ्याच नगररचनाकारांचाही: लहान भूखंडांचं आता काय कौतुक करता? एकत्रीकरण हवं, क्लस्टर हवं. नियमावलीतल्या क्लस्टरच्या ३३(९) मध्ये शहरात किमान ४,००० चौरस मीटर क्षेत्र लागतं, ते त्यासाठीच. भेंडी बाजारात साडेसोळा एकरांचा पुनर्विकास उभा राहतो आहे, तो लहान लहान भूखंड एकत्र आल्यामुळेच, हे मान्य. तिथल्या जुन्या इमारतींना दुसरा मार्गही नव्हता. पण एकत्रीकरण सगळीकडेच चांगलं, हे मला पटत नाही. चार भूखंड एक झाले की मधली गल्ली जाते. शाळेत जाणारं पोर जिथून दोन मिनिटांत पलीकडे जायचं, तिथे आता गेट, वॉचमन आणि ‘व्हिजिटर एंट्री’. मुलुंड पश्चिमेला स्टेशनपासून पाच रस्त्यापर्यंत १९२० च्या दशकात आखलेले सरळ रस्ते आजही चालतात. इमारती तीनदा बदलल्या, रस्ते तेच राहिले. तुकडा लहान असणं हा दोष नाही. तुकड्यांमधला रस्ता पक्का असेल तर लहान भूखंडांचं शहर दोनशे वर्षं टिकतं.

उंबरठ्यांबद्दल दोन शब्द. १९९१ च्या नियमावलीने १,००० चौरस मीटरच्या पुढच्या भूखंडाला करमणुकीची मोकळी जागा बंधनकारक केली, २०३४ च्या नियमावलीत ४,००० च्या पुढे सार्वजनिक सुविधेसाठी जमीन सोडावी लागते. उंबरठा आखला की त्याच्या अलीकडे थांबणारे असतातच, त्यासाठी कोणाला बदमाश म्हणायला नको. उंबरठा मोजताना एका ठरावीक तारखेचा मूळ भूखंड धरा, नंतर केलेले तुकडे नाही. एवढं झालं तरी पोटविभाजनातली निम्मी हुशारी निरर्थक होईल.

गावठाण आणि कोळीवाड्यांना मात्र यातलं काहीही लावू नये. खोताची वाडी, माथारपाखाडी, वांद्र्याचं रानवर, वेसावा, इथे जमीन बिल्डरने पाडलेली नाही, भावाभावांत वाटली गेली आहे. आजोबांच्या घरात तीन चुली झाल्या, तीन प्रॉपर्टी कार्डं झाली. घराला घर लागून, मध्ये पाखाडी, म्हणजे अरुंद गल्ली. तिथे बाजूने किती मीटर मोकळी जागा, नऊ मीटर रस्ता, असले नियम लावले की दुरुस्तीची वीटही बेकायदा ठरते आणि शेवटी म्हणतात, हे मोडकळीला आलंय, पुनर्विकास करा. गावठाणासाठी पोटविभाजनाचे स्वतंत्र नियम हवेत, ज्यात पाखाडी जशी आहे तशीच नोंदली जाईल. मोजणी मात्र तिथेही हवी, कारण पाखाडीचा अतिक्रमणाने घास घेतला जातो तो कागदावर ती कुठेच नसते म्हणून.

राहिली तुकडेबंदी. जमिनीचे फार लहान तुकडे करायला बंदी घालणाऱ्या १९४७ च्या तुकडेबंदी कायद्यात शहरी भागांसाठी सूट देण्याच्या घोषणेवर २०२५ मध्ये सगळीकडे एकच जल्लोष झाला, ‘एका गुंठ्याची खरेदी आता कायदेशीर’. पुण्या-नाशिकच्या वेशीवर गुंठेवारीत घर बांधलेल्यांना तो दिलासा आहे आणि मी तो नाकारत नाही. पण मुंबईचं दुखणं त्याच्या उलट आहे. तिथे तुकडा झाला पण कायद्याने मान्य नव्हता, इथे कायद्याने मान्य झालेला तुकडा पुरा झालाच नाही. राज्याची २०२० ची एकत्रित नियमावली मुंबईला लागू नाही, मुंबईचं गणित वेगळं म्हणून तिला वेगळी नियमावली दिली आहे. मग त्या वेगळेपणाचा उपयोग इथे तरी करायला नको का? म्हाडाच्या वसाहतींमध्ये मालक एकच असल्याने लेआउट अजून शाबूत आहे, तरी तिथेही इमारतींमधल्या टिटबिट, म्हणजे उरल्यासुरल्या, तुकड्यांवरून सोसायट्यांची हमरीतुमरी चालूच असते.

आमच्या लेआउटचं म्हणाल तर परवा शेजारच्या सोसायटीबरोबर बैठक झाली. चहा झाला, जुने वाद निघाले, कोणाच्या तरी मुलाचं लग्न ठरल्याचे पेढेही वाटले. त्यांचे सेक्रेटरी सज्जन माणूस, सगळं ऐकून म्हणाले, भिंत हातभर मागे घ्यायला आमची ना नाही, उद्या गवंडी पाठवा. फक्त मागे सोडलेली ती जागा कोणाच्या नावावर लावणार, तेवढं लेखी द्या.

चेअरमनकाकांनी वही मिटली. लिहून देणारा कोण, हे अजून सापडलेलं नाही.